माळ्यावरचे दव

ज्या जागी माणसांची ये-जा सर्वांत कमी, त्याच जागी घरातील सर्वांत जपून ठेवलेल्या वस्तू असाव्यात, हा संसाराचा एक विलक्षण नियम होय. आजीचे जरीचे लुगडे, लग्नात आलेली तांब्यापितळेची भांडी, शेताचे जुने कागद, मुलांचा पाळणा, पुढील हंगामाचे बियाणे, या साऱ्यांची रवानगी माळ्यावर होते. वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीपूर्वीच्या साफसफाईस, कोणीतरी शिडी लावून वर चढते आणि कुबट वास येत असल्याची वर्दी खाली देते. मग ट्रंक उघडली जाते. कागदांच्या कडांवर करडे ठिपके उमटलेले असतात, चामडी पट्ट्यावर हिरवट पूड धरलेली असते आणि पोत्यातील धान मुठीत घेतले तर ते सुटे न राहता गोळा होऊन बसते.

अशा वेळी दोष पावसाला दिला जातो, नाही तर गवंड्याला. छप्पर गळत असले पाहिजे, असे ठरवून डांबराचे ठिगळ लावण्यात येते. पुढच्या वर्षी ठिपके पुन्हा हजर! याचे कारण असे की, पुष्कळदा माळ्यावरचे पाणी आभाळातून खाली आलेले नसून घरातून वर गेलेले असते. ते वर कसे जाते, तेथे का थांबते आणि त्याला वाट कशी करून द्यावी, एवढे समजले म्हणजे बुरशीचा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटला असे म्हणावयास हरकत नाही.

या विचाराला भंडारा जिल्ह्यातील कोंढा हे गाव चांगले उदाहरण पुरविते. पवनी तालुक्यातील हे गाव शेजारच्या कोसऱ्यासह कोंढा-कोसरा या जोडनावानेही ओळखले जाते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान कापणीस येते. त्याच सुमारास आभाळ निरभ्र होऊ लागते, दिवस उबदार राहतात आणि रात्री झपाट्याने थंड होतात. डिसेंबर-जानेवारीतील पहाटे पारा कित्येकदा दहाबारा अंश सेल्सियसपर्यंत उतरतो. नवे धान घरात येण्याची वेळ आणि रात्री थंड होण्याची वेळ ही येथे एकच आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण पुढील साऱ्या विवेचनाची किल्ली तीत आहे.

या भागातील जुने घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, सागाचे अथवा बांबूचे वासे आणि वर अर्धगोल कवेलू. एका कवेलूवर दुसरे नुसते टेकविलेले. मध्ये चुना नाही की खिळा नाही. अशा छपराला हजारो बारीक फटी असत. वाऱ्याबरोबर पावसाचे तुषार आत येत, वानरांनी उड्या मारल्या की कवेलू फुटत आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते फेरून घर शाकारावे लागे. हा त्रास खराच होता. परंतु त्याच फटींतून घरातील वाफ रात्रंदिवस बाहेर पडत असे. शिवाय भाजलेली माती थोडेफार पाणी शोषून घेई आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ते हवेला परत देई. त्या छपराखाली दव पडले तरी त्याचा थेंब होण्यापूर्वीच ते मातीत जिरत असे.

कवेलूंच्या जागी पत्रा आला तेव्हा हा हिशेब बदलला. पन्हळी पत्र्याचे पेटंट लंडनात हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली घेतले आणि पुढे शंभर वर्षांत तो पत्रा पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र पसरला. तो हलका, टिकाऊ आणि वर्षानुवर्षे न फेरता राहणारा. कवेलू फेरणारे हात दुर्मिळ झाल्यावर खेड्यातील गृहस्थाने पत्रा पसंत केला, यात नवल नाही. परंतु पत्रा पाणी पीत नाही आणि वाफेला वाटही देत नाही. कवेलूंचे छप्पर श्वास घेत असे; पत्र्याचे छप्पर घाम गाळते. कवेलूंखालचा माळा आणि पत्र्याखालचा माळा दिसावयास सारखा, पण वस्तू जपण्याच्या दृष्टीने ती दोन निराळी ठिकाणे आहेत. छप्पर बदलले, माळ्याचा उपयोग मात्र तोच राहिला. अडचण येथे उत्पन्न झाली.

पत्रा रात्री इतका थंड का होतो, याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच मिळाले आहे. दव आभाळातून पडते, अशी जुनी समजूत होती. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या वैद्याने रात्री-रात्री उघड्यावर लोकरीचे वजन केलेले पुंजके ठेवून सकाळी ते पुन्हा तोलण्याचा उद्योग आरंभिला. फळीच्या वर ठेवलेला पुंजका अधिक भिजे आणि फळीच्या खाली ठेवलेला कमी. ढगाळ रात्री दव कमी, निरभ्र रात्री पुष्कळ. यावरून त्याने दाखवून दिले की, उघड्या आभाळाकडे तोंड असलेली वस्तू आपली उष्णता आभाळाकडे फेकून देते, भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि मग हवेतील वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. त्याचा दवावरील निबंध १८१४ साली प्रसिद्ध झाला आणि रॉयल सोसायटीने त्यास रम्फर्ड पदक दिले. कोंढ्यातील पत्र्याचे छप्पर ही त्या प्रयोगातील फळीच आहे. निरभ्र रात्रभर ती आभाळाकडे उघडी पडलेली असते; पातळ असल्याने तिच्यात उष्णतेचा साठा नसतो आणि पहाटेपर्यंत ती हवेहून काही अंशांनी अधिक थंड झालेली असते. फरक इतकाच की वरून दव पडते तसे ते खालूनही पडते.

आता थोडे गणित. हवा जितकी उबदार तितकी तिच्यात वाफ अधिक मावते. एका घनमीटर हवेत ३० अंशांवर सुमारे ३० ग्रॅम, २० अंशांवर सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांवर साडेनऊ ग्रॅमच्या आतबाहेर वाफ राहू शकते. हिवाळ्यातील संध्याकाळी स्वयंपाक आटोपलेल्या घरात २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे असे धरू. म्हणजे दर घनमीटर हवेत पावणेचौदा ग्रॅम वाफ झाली. ही हवा उबदार म्हणून हलकी. ती शिडीच्या झरोक्यातून माळ्यावर चढते आणि १२ अंशांच्या पत्र्याला लागते. तेथे पावणेअकरा ग्रॅमहून अधिक वाफ मावत नाही. उरलेले तीन ग्रॅम पाणी पत्र्यावर राहते. माळ्यात ३० घनमीटर हवा असेल तर हे पाणी एकदा नव्वद ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा पेला. परंतु हवा एकदाच चढत नाही. रात्रीत ती दहा वेळा बदलली, तर माळ्यावर लिटरभर पाणी जमले. पावसाचा एक थेंबही न पडता छपराखाली लिटरभर पाणी!

हे पाणी घरात येते कोठून, असा प्रश्न साहजिक आहे. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, स्नान आणि वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाकाठी आठ-दहा लिटर पाणी हवेत मिसळते. गॅसची शेगडी यात मोठी भर घालते. एक किलो गॅस जळला म्हणजे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने उत्पन्न होते. भाताच्या भांड्यातून निघणारी वाफ ती निराळीच. लाकडे जळतानाही वाफ होतेच. मग चुलीच्या काळात माळा कोरडा कसा राही? चुलीची ऊब सरळ छपराकडे चढे, जाताना घरातील ओली हवा ओढून नेई आणि कवेलूंच्या फटींतून तिला बाहेर काढी. शिवाय धुरातील द्रव्ये बुरशीला मानवत नसत. माळ्यावर टांगलेली मक्याची कणसे आणि काळवंडलेले वासे त्यामुळे टिकून राहत. तथापि त्या धुराने घरोघरच्या स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे नासविली, हेही तितकेच खरे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने खेडोपाडी गॅस नेला तो याच कारणास्तव. तेव्हा माळ्यासाठी चुलीकडे परत जावे, असे कोणीही शहाणा माणूस सुचविणार नाही. मात्र धूर करीत असलेले एक काम आता दुसऱ्या कोणाला तरी वाटून दिले पाहिजे.

ते काम न झाल्यास बुरशी आपले काम करू लागते. बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतात. त्यांचा समूळ नाश करणे कोणाच्याही हातचे नाही. त्यांना अन्न लागते ते लाकूड, कागद, कापूस, धान्य आणि धूळ यांत मुबलक आहे. उष्णता लागते ती आपल्या देशात बारमाही आहे. उरले पाणी. वस्तूच्या पृष्ठभागाजवळची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बहुतेक बुरशींना धरावयास तेवढे पुरते आणि वस्तू ओली राहिली तर एक-दोन दिवसांतही आरंभ होतो. अन्न, ऊब आणि पाणी या तिन्हींपैकी गृहस्थाच्या स्वाधीन असे एकच आहे, ते म्हणजे पाणी.

कोंढ्यासारख्या गावी या पाण्याने होणारे नुकसान केवळ वासाचे नाही. पोत्यातील धान म्हणजे वर्षाचे अन्न आणि त्यातील वेगळे ठेवलेले पोते म्हणजे पुढील वर्षाचे शेत. कापणीनंतर धान पुरेसे वाळले नसेल आणि वरून पहाटेचे थेंब पडत असतील, तर पोत्याच्या वरच्या थरात बी मरते. ही हानी नोव्हेंबरात होते आणि जूनमध्ये, पऱ्हे टाकल्यावर, दिसते; तेव्हा उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते. साठवणीच्या धानात १४ टक्क्यांहून अधिक ओल नसावी आणि बियाण्यात १३ टक्क्यांहून अधिक नसावी, हा दंडक आहे. मोजण्याचे यंत्र नसेल तेथे जुनी दातांची परीक्षा आहेच: दाणा दाताखाली कट्कन तुटला तर वाळला, दबला तर अजून ओला. बियाण्यासाठी याहून चांगली परीक्षा म्हणजे पेरणीच्या आधी शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेवणे. ऐंशीहून कमी उगवले तर ते बियाणे भरवशाचे नव्हे. ही परीक्षा मे महिन्यात केली तर दुसरे बियाणे मिळविण्यास अवधी राहतो.

खाण्याच्या धान्याची गोष्ट त्याहून गंभीर. बुरशीच्या काही जाती धान्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. १९७४ साली राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला व बुरसटलेला मका खाण्यात आल्याने यकृताचा आजार पसरला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष धुण्याने जात नाही आणि घरच्या शिजवण्यानेही पुरते नष्ट होत नाही. बुरसटलेले धान्य गुरांना घालणे हीदेखील काटकसर नव्हे, कारण त्या विषाचा अंश दुधात उतरतो.

श्वासाचा प्रश्न राहिलाच. ओलसर व बुरसट घरांत दमा आणि श्वासाचे विकार बळावतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावर प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. इंग्लंडात रॉचडेल येथे २०२० साली दोन वर्षांचे एक बालक मरण पावले. मृत्यूची चौकशी २०२२ साली पूर्ण झाली, तेव्हा घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संबंध हेच मृत्यूचे कारण ठरले. त्या प्रकरणात आईवडिलांनी वारंवार तक्रार केली असता त्यांच्या राहणीलाच दोष देण्यात आला होता. २०२३ साली तेथे कायदा होऊन अशा तक्रारींची ठराविक मुदतीत दखल घेण्याचे बंधन भाड्याच्या सार्वजनिक घरांवर घालण्यात आले. या घटनेतून घेण्यासारखा बोध असा की, पाणी माणसांच्या वावरातून येते म्हणून माणसे अपराधी ठरत नाहीत. श्वास घेणे, भात शिजविणे आणि मुलांना न्हाऊ घालणे हे घराचे प्रयोजनच आहे. ज्या घराला तेवढी वाफ बाहेर घालविता येत नाही, त्या घराच्या बांधणीत उणीव आहे असे समजावे आणि ती उणीव दूर करावी.

उपायांचा आरंभ निदानापासून करावा. पावसानंतर एकाच ठिकाणी डाग दिसतो, तो खिळ्याच्या किंवा सांध्याच्या खाली असतो आणि त्याची कड पिवळसर असते. ही गळती होय. उलटपक्षी आभाळ स्वच्छ असलेल्या थंड पहाटे सबंध पत्र्याखाली बारीक थेंब दिसतात आणि ऊन चढल्यावर नाहीसे होतात. हे दव होय. सिमेंटच्या छतावर अगर भिंतीवर संशय असल्यास हातभर अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. वर्खाच्या बाहेरच्या अंगास पाणी आले तर ते घरातील हवेचे; आतल्या अंगास आले तर ते भिंतीतून झिरपलेले. गळतीला गवंडी हवा. दवाला गवंड्याचा उपयोग नाही.

दव आहे असे ठरल्यावर पहिले काम स्वयंपाकघरात करावयाचे. वाफ जन्मते तेथेच तिला बाहेरची वाट दाखविणे हे माळ्यावर जाऊन पुसत बसण्यापेक्षा शतपट सोपे. शेगडीच्या वरच्या बाजूस, भिंतीत उंचावर, थेट बाहेर उघडणारा झरोका किंवा पंखा असावा. भांड्यावर झाकण असावे. न्हाणीघराचे दार आतल्या बाजूस लावून बाहेरची खिडकी उघडी ठेवावी. ओले कपडे रात्री घरात वाळत घालू नयेत. बाहेर काढलेली वाफ माळ्यात सोडून देण्याची चूक मात्र कटाक्षाने टाळावी. पंख्याची नळी छपराखाली सोडून दिलेली घरे पुष्कळ आढळतात; त्यांत माळ्याची अवस्था पहिल्याहून वाईट होते.

दुसरे काम माळ्याच्या तळाचे. शिडीचा झरोका, फळ्यांमधील फटी, विजेच्या तारांसाठी पाडलेली भोके यांतूनच ओली हवा वर चढते. झरोक्याला नीट बसणारे झाकण करावे आणि फटी कापूसमातीने किंवा लांबीने बुजवाव्यात. पत्र्याखाली काहीही लावण्यापूर्वी हे झालेच पाहिजे. तसे न करता वर नुसते आच्छादन ठोकले, तर वाफ त्याच्यामागे शिरते आणि बुरशी डोळ्यांआड वाढू लागते.

तिसरे काम छपराचे. आढ्याखालच्या दोन्ही तिकोनी भिंतींत समोरासमोर झरोके ठेवून त्यांना बारीक जाळी बसवावी, म्हणजे वारा एकीकडून येऊन दुसरीकडे जाईल आणि उंदीर-वटवाघळे बाहेर राहतील. पत्र्याच्या खाली चार बोटे अंतर सोडून बुरडाकडून विणून घेतलेली बांबूची तट्टी बसविली व तिला शेणामातीचे सारवण दिले, तर जुन्या कवेलूचे निम्मे काम ती करते. थेंब तिच्यावर पडतो, तिच्यात मुरतो आणि दिवसा वाऱ्याने वाळतो. खालच्या पोत्यापर्यंत तो पोहोचत नाही. मात्र विजेच्या तारा या तट्टीला टेकलेल्या असू नयेत.

झरोके केव्हा उघडावे, यालाही शास्त्र आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच तिचा उपयोग. भंडाऱ्याच्या हिवाळ्यात दुपारची हवा चांगली कोरडी असते. सकाळी दहापासून चारपर्यंत माळ्याचे सारे झरोके सताड उघडावे आणि जाळीचे झरोके तर रात्रीही बंद करू नयेत. श्रावणातील झडीत मात्र बाहेरची हवाच ओलीने भरलेली असते. तेव्हा वारा आणून माळा वाळत नाही. त्या दिवसांत उघाडीची वाट पाहावी, ऊन पडताच झरोके उघडावे आणि बियाणे व कापड खाली आणून उन्हात घालावे. जुन्या घरांतून पोथ्यांना आणि गाद्यांना ऊन दाखविण्याची जी चाल होती, तिच्यामागे हाच अनुभव होता.

चौथे काम मांडणीचे. पोते, ट्रंक अगर कणगी भिंतीला टेकवू नये. वीतभर अंतर ठेवावे आणि खाली लाकडी ओंडके घालावे. भिंतीलगत कोंडलेली हवा सर्वांत थंड आणि सर्वांत ओली असते. पत्र्याच्या धान्यकोठीतही माळ्याचाच खेळ लहान प्रमाणावर चालतो: दाण्यांतील ओल रात्री थंड झाकणाच्या आतल्या बाजूस जमते आणि वरच्या थरावर टपकते. म्हणून कोठी भरण्यापूर्वी धान उन्हात पुरते वाळवून सावलीत निववावे. ओल्या वस्तूवर प्लॅस्टिक गुंडाळणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे होय.

आता आधी धरलेल्या बुरशीबद्दल. ती कोरडी झाडू नये, कारण झाडण्याने बीजकण घरभर उडतात. नाकातोंडावर मुखपट्टी किंवा ओला रुमाल बांधून, झरोका उघडा ठेवून, प्रथम पृष्ठभाग ओला करावा. नंतर साबण अथवा धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने तो पुसावा आणि लगेच वाळवावा. वापरलेली फडकी फेकून द्यावीत. ब्लीचिंग पावडरने लाकडावरचा डाग पांढरा होतो, पण लाकडात शिरलेले तंतू पुष्कळदा जिवंत राहतात. शिवाय ती तेजाबात किंवा अमोनियात मिसळल्यास विषारी वायू निघतो. जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असण्याचा संभव असतो. ते तारेच्या ब्रशाने घासू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक असते.

स्वच्छ झालेल्या मातीच्या वा गिलाव्याच्या भिंतीला चुन्याची सफेदी द्यावी. ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असतो आणि त्याच्यावर बुरशीला जम बसविता येत नाही. पण हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडशी संयोग पावून चुन्याचा हा गुण हळूहळू ओसरतो, म्हणून सफेदी पुन्हा-पुन्हा द्यावी लागते. पावसाळा संपताच, दिवाळीपूर्वी, दरसाल घराला चुना लावण्याची रीत केवळ शोभेची नव्हती, हे यावरून कळून येईल. भिंत चार महिने ओल प्यालेली असते आणि त्यानंतर थंड रात्री सुरू व्हावयाच्या असतात. त्या दोहोंच्या सांध्यावर ही रीत नेमकी बसविलेली आहे.

हे सारे खेड्यातील पत्र्याच्या घरापुरते आहे, असे शहरवासी श्रोत्यांनी समजू नये. नागपुरातील किंवा पुण्यातील सदनिकेत पोटमाळा असतो तो बहुधा न्हाणीघराच्या अगर स्वयंपाकघराच्या डोक्यावरच आणि त्याची दारे घट्ट लावलेली असतात. गरम पाण्याच्या स्नानाची वाफ तेथे शिरते आणि बाहेरच्या भिंतीच्या थंड अंगावर बसते. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीवरचा माळा असेल तर उलटाच प्रकार घडतो: खालून थंड झालेल्या माळ्याच्या तळावर वरच्या दमट हवेतील पाणी जमते. दोन्ही ठिकाणी नियम एकच. पोटमाळ्याच्या दारांना जाळी किंवा छिद्रे असावीत. ट्रंका भिंतीपासून दूर असाव्यात. जरीची वस्त्रे प्लॅस्टिकऐवजी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावीत. डांबरगोळ्या कसरीचा बंदोबस्त करतात. बुरशीवर विसंबण्याजोगा उपाय त्या नव्हेत. छायाचित्रे, खरेदीखते आणि पत्रे यांना तर माळा हे स्थानच योग्य नाही; त्यांची जागा राहत्या खोलीतील, आतल्या भिंतीच्या कपाटात.

या उपायांपैकी एकालाही मोठा खर्च नाही. झाकण, जाळी, तट्टी, चुना आणि दुपारचे ऊन एवढीच सामग्री लागते. लागते ती थोडी नजर. डिसेंबरातील एखाद्या स्वच्छ पहाटे, सूर्य वर येण्यापूर्वी, शिडी लावून माळ्यावर जावे आणि पत्र्याला किंवा छताला हात लावून पाहावे. हात ओला झाला तर दिवाळीची वाट न पाहता त्याच आठवड्यात कामाला लागावे. बियाण्याचे पोते तर त्याच दिवशी खाली आणून उन्हात ओतावे. माळा दुरुस्त होण्यास महिना लागला तरी चालेल, बियाण्याला तेवढा धीर नसतो.